विरोधकाच्या नो ट्रम्पनंतर भिडूचे उत्तर

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 आणि गुलामाला 1 असे गुण देण्याची, मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ असून, एका रंगाचे 10 याप्रमाणे चारही रंगांचे मिळून 40 गुण होतात. बोलीच्या एका विशिष्ट प्रसंगी हाच आकडा खेळाडूच्या मदतीला येतो. दक्षिणेने 'एक बदाम' अशी बोली उघडली, म्हणजे साधारणतः किमान 12 गुण आणि लांब बदाम दाखवले. लगेच पश्चिमेने 'एक नो ट्रम्प', म्हणजे हुकमाचा रंग न ठेवता सात हात करण्याची बोली लावली. आता दक्षिणेच्या भिडूने, म्हणजे उत्तरेने, काय उत्तर द्यावे?

पश्चिमेची ही बोली 15 ते 18 गुण, चारही रंगांत समतोल विभागलेली पाने आणि बदामात किमान एक हात अडवून धरण्याची सोय दाखवते. दक्षिणेचे 12 आणि पश्चिमेचे 15 धरले, तर उत्तर आणि पूर्व या दोघांत मिळून जास्तीत जास्त 13 गुण उरतात. म्हणून उत्तरेला फक्त स्वतःची पाने मोजून पूर्वेची गरिबी कळू शकते. या प्रसंगातील साऱ्या उत्तरांचा पाया या बेरजेवर आहे, आणि मधली बोली झाली नसती तर जी उत्तरे दिली असती तीच तशीच पुढे रेटणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक आहे.

समजा, उत्तरेकडे इस्पिकचा राजा-दश्शी-सत्ती, बदामाची अठ्ठी-चव्वी, चौकटचा एक्का-गुलाम-नव्वी-तिर्री आणि किल्वरची राणी-दश्शी-छक्की-दुर्री अशी पाने आहेत. हे 10 गुण झाले, म्हणजे पूर्वेकडे फार तर 3 उरले. येथे योग्य उत्तर एकच, 'डबल', आणि त्याचा अर्थ भिडूला दुसरा रंग बोलायला लावणे हा नसून, विरोधकांना याच बोलीत अडकवून दंड वसूल करणे हा आहे. पूर्वेची पाने उघडी पडली की त्यांत पश्चिमेला शिरण्याची वाट जवळजवळ नसते. प्रत्येक रंग तिला स्वतःच्या हातून खेळावा लागतो, आणि उत्तरेचे राजा-राणी तिच्या मागे दबा धरून बसलेले असतात. पहिली उतारी उत्तरेचीच असल्याने बदामाची अठ्ठी खेळून भिडूचा रंग मोकळा करण्याचे काम तत्काळ सुरू होते. सुरक्षित, म्हणजे अद्याप गेम न केलेल्या, जोडीचे डबल झालेले दोन हात कमी पडले तर 300 आणि तीन पडले तर 500 गुण मिळतात. असुरक्षित जोडीबाबत हेच आकडे 500 आणि 800 होतात. दोन बदामांची बोली नेमकी पुरी केल्यास मिळणारे 110 गुण त्यापुढे अगदी तोकडे आहेत. उलट, डबल झालेली 'एक नो ट्रम्प' सुरक्षित पश्चिमेने पुरी केली तरी तिला 180 गुणच मिळतात, गेम मिळत नाही.

म्हणून साधारण 9 किंवा त्याहून अधिक गुण असलेला हात प्रथम डबल करतो, आणि त्यामुळेच बाकीच्या उत्तरांचा अर्थ आपोआप दुबळा ठरतो. इस्पिकची राजा-गुलाम-दश्शी-अठ्ठी-छक्की-तिर्री अशी सहा पाने, एकच बदाम, तीन फुटकळ चौकट आणि गुलामासह तीन किल्वर, अशा 5 गुणांच्या हाताने 'दोन इस्पिक' बोलावे. नो ट्रम्पमध्ये या लांब रंगापर्यंत पोहोचायला दुसरी वाट नसल्याने तो बहुधा वाया जातो, तर इस्पिक हुकूम झाले की तोच रंग चार-पाच हात देतो. ही बोली भिडूला बांधून ठेवत नाही. पाने विशेष अनुकूल नसतील तर दक्षिणेने पास म्हणावे.

भिडूचाच रंग वाढवून 'दोन बदाम' म्हणणेही असेच मर्यादित आहे: तीन बदाम आणि 5 ते 8 गुण. येथे थोडा संयम हवा, कारण पश्चिमेची बदामातील मोठी पाने दक्षिणेच्या मागे बसलेली असतात आणि दक्षिणेच्या राजा-राणीची किंमत त्यामुळे घटते. समतोल आणि दुबळ्या हाताने मात्र निःशंक पास म्हणावे. 'दोन नो ट्रम्प' या उत्तराला नैसर्गिक अर्थ फारसा उरत नाही, कारण ताकदवान समतोल हात डबलच करतो. काही जोड्या ते दोन लांब रंगांच्या जोरदार हातासाठी राखून ठेवतात.

डबलनंतर पूर्व बहुधा 'दोन किल्वर' किंवा 'दोन चौकट' म्हणून पळ काढते, आणि तेथेही पाठलाग सोडू नये. पुढचे प्रत्येक डबल दंडाचेच, असा करार भिडूंमध्ये आधी झालेला असावा लागतो. एकत्र खेळू लागलेल्या प्रत्येक जोडीने टेबलावर बसण्यापूर्वी डबलसाठी किती गुण, रंगाची साधी बोली किती दुबळी आणि पळालेल्या विरोधकाला कोणी अडवायचे, एवढे तरी बोलून घ्यावे, आणि विरोधकांनी विचारल्यास हे संकेत त्यांना सांगणे खेळाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.