डोमिनोचा पहिला घास

कळमनुरीपासून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. पण पैनगंगेवरचं इसापूर धरण जवळ, त्यामुळे मत्स्यजिरे, बोटुकली हे शब्द इथे नवखे नाहीत. रोहू-कटल्याचं जिरे सोडण्याआधी तळ्यात शेण टाकतात, ते उगाच नव्हे. शेणखतावर शेवाळ माजतं, शेवाळावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर जिरे पोसतं.

आता हेच घरातल्या काचेच्या टाकीत, समुद्री डॅमसेल माशांसाठी करून बघायचं म्हटलं तर? खारं पाणी ही त्यातली सोपी गोष्ट. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम तयार समुद्री मीठ विरघळवलं की झाला समुद्र. अंडीही मिळतात. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो हा डॅमसेल घ्या. नर एखादा दगड चोखून साफ करतो, मादी त्यावर हजारो अंडी चिकटवते आणि नर परांनी वारा घालत पहारा देतो. हात घातलात तर बोटालाही चावतो.

तीन-चार दिवसांनी, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत अंडी फुटतात. एका कोपऱ्यात टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. दोन-अडीच मिलिमीटरचं पारदर्शक अंग, त्यात दिसतात ते फक्त डोळे. आणि खरी अडचण इथून पुढे. ह्यांचं तोंड पाव मिलिमीटरसुद्धा उघडत नाही. माशांच्या पिल्लांचं नेहमीचं खाद्य असलेल्या आर्टेमियाचं नुकतं जन्मलेलं पिल्लूसुद्धा त्यात मावत नाही.

ह्याच कुळातला क्लाउनफिश, मुलांचा लाडका निमो, अंड्यातून निघतो तोच थोराड. रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवावर तो निभावतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या हॅचरीत क्लाउनफिशची पैदास होते. डोमिनोचं तसं नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात डॅमसेलची पिल्लं वाढवली गेली ती कोपेपॉडच्या जोरावर.

कोपेपॉड म्हणजे कोण? मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी त्याच्या भावकीतल्या एकाचा धसका घेतला होता. बारवेच्या पाण्यातून नारू पसरवणारा सायक्लॉप्स कोपेपॉडच! त्याच्यासाठी पाणी फडक्यातून गाळायचं. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आणि आता त्याचे समुद्री भाऊबंद मुद्दाम पाळायचे. त्यांची पिल्लं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक, त्यांच्या अंगात डीएचए हे मेदाम्ल भरपूर, आणि ती झटके देत पोहतात. ती हालचाल दिसली की डोमिनोचं पिल्लू शरीराचा इंग्रजी एससारखा बाक करतं, क्षणभर थबकतं आणि झेप घेतं. नेम चुकतो, पुन्हा बाक. पोटातला बलक संपायच्या आत नेम साधायला हवा, नाहीतर उपासमार.

त्यात कोपेपॉडला दाटी खपत नाही. रोटिफर मिलिलिटरला शेकड्यांनी वाढतात; बहुतेक कोपेपॉड तेवढ्या गर्दीत तगत नाहीत. शिवाय त्यांना जिवंत शेवाळ लागतं. म्हणजे माशाआधी कोपेपॉड, कोपेपॉडआधी शेवाळ. मला विचाराल तर हा छंद मासे पाळण्याचा कमी आणि शेतीचाच जास्त आहे. जोड्या विकत घेणाऱ्याने आधी हिरव्या पाण्याच्या बाटल्या मांडाव्यात.

महिना-सव्वा महिन्याने पारदर्शक पिल्लू काळं पडतं, ठिपके उमटतात आणि ते तळाशी दगडाला धरून राहू लागतं. आता चुरलेलं खाद्यही चालतं. आणि त्याच आठवड्यात भावंडांची दगडावरून मारामारी सुरू होते.