दबलेली नस जाळली जात नाही

कंबरदुखीसाठी केल्या जाणाऱ्या ‘नस जाळण्याच्या’ उपचाराबद्दल जालना जिल्ह्यात एक समजूत पुन्हा पुन्हा ऐकू येते. एमआरआयमध्ये मणक्यात गॅप दिसला म्हणजे नस दबली आणि ती दबलेली नस जाळली की दुखणे मुळापासून गेले, असे ठामपणे सांगितले जाते. वाकून कापूस वेचणाऱ्या बायका, अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि जालन्याच्या स्टील कारखान्यांतील कामगार यांची रोजीरोटी कंबरेच्या बळावर चालते. म्हणून या समजुतीतून कुणाला खोटी आशा लागते, तर कुणाला पाय कायमचा जाण्याची धास्ती बसते. आशा आणि धास्ती या दोन्हींचे मूळ एकाच चुकीत आहे, कारण जी नस दबते ती या उपचारात जाळली जात नाही, आणि जी जाळली जाते ती दबलेली नसते.

मणक्यांमधील गादी सरकल्यावर जिच्यावर दाब येतो, ती पायाकडे जाणारी जाड नस होय. ती पायाला संवेदना आणि ताकद देते, आणि तिच्या दुखण्यालाच सायटिका म्हणतात. मणक्यांच्या मागच्या बाजूला मात्र फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात, आणि त्यांची वेदना मेंदूकडे नेणारी मेडियल ब्रँच ही बारीक शाखा मुख्य नसेपासून मागे वळते. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन या उपचारात क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई या शाखेजवळ नेऊन तिचे टोक साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची एक चारी बंद केल्याने जसा कालवा कोरडा पडत नाही, तसाच ही शाखा निकामी केल्याने पाय लुळा पडत नाही. शिवाय तापवण्यापूर्वी सौम्य विद्युतप्रवाह सोडून पायाचे स्नायू हलत नाहीत ना, याची खात्री केली जाते. परंतु याच कारणाने गादीच्या दाबामुळे पायात उतरणारी कळ या उपचाराने थांबेल, अशी अपेक्षाही ठेवता येत नाही.

राहिला ‘गॅप’. कंबरदुखी मुळीच नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पन्नाशीच्या सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या, तर ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. वयाबरोबर येणाऱ्या अशा बदलांवरून नस जाळण्याचा निर्णय घेणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी फिल्म उजेडाकडे धरून ‘गॅप’ शोधणे थांबत नाही. फॅसेट सांधा दुखतो की नाही, हे ठरवण्याची स्वीकृत पद्धत वेगळी आहे: त्या शाखेजवळ बधिर करणारे औषध टोचायचे आणि त्याचा अंमल असेपर्यंतच्या काही तासांत वेदना ठळकपणे घटते का, हे पाहायचे. याला निदानात्मक ब्लॉक म्हणतात, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार तो यशस्वी ठरल्याशिवाय हा उपचार करू नये.

निदान अचूक असले तरी लाभाबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६८१ रुग्णांवरील डच चाचण्यांत व्यायामाला या उपचाराची जोड दिल्याने लक्षणीय जास्त फायदा दिसला नाही; मात्र रुग्णांची निवड पुरेशी काटेकोर नव्हती, असा आक्षेप अनेक वेदनातज्ज्ञांनी घेतला. पुढे ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२५ मधील मार्गदर्शिकेने मणक्याच्या जुनाट दुखण्यासाठी हा उपचार न करण्याची ठाम शिफारस केली.

इतर गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतात. एकदा नस जाळली की दुखणे कायमचे जाते, हे खरे नाही. ही शाखा पुन्हा वाढते, त्यामुळे आराम मिळालाच तरी तो बहुधा काही महिने ते वर्षभर टिकतो. हा उपचार म्हणजे मोठी शस्त्रक्रिया नाही; जागा बधिर करून सुईने तो केला जातो आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. गावठी डागण्याशीही त्याचा संबंध नाही, कारण डागण्याने केवळ कातडी भाजून जखम होते. जुनाट कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा व वजन लावून ताण देणे यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये नाकारली; व्यायामाची मात्र केली.

म्हणून छत्रपती संभाजीनगरला किंवा आणखी कुठे जाऊन या उपचारावर पैसा खर्च करण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: दुखणे कोणत्या सांध्याचे आहे, ब्लॉक करून त्याची खात्री केली आहे का, आणि नियमित व्यायाम पुरेसा काळ करून पाहिला आहे का. पायातील ताकद अचानक कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर मात्र कोणत्याही उपचाराची चर्चा करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.