पादचाऱ्याचा विमा मोटारीवर

चैत्रात व नवरात्रात सप्तशृंगगडाकडे, तसेच घोटी-सिन्नर मार्गाने शिर्डीकडे पायी जाणारे भाविक नाशिक जिल्ह्यास नवे नाहीत. शेतमजूर, बाजारकरी व शाळकरी मुले यांची वाटही बहुधा त्याच डांबरी सडकेच्या कडेने जाते. यांपैकी बहुतेकांजवळ विम्याचा कागद नसतो. परंतु कायद्याने त्यांच्या विम्याचा भार मोटारीच्या मालकावर टाकला आहे.

विम्याची सक्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा उतरविल्याविना वाहन रस्त्यावर आणता येत नाही. पादचारी हा असाच त्रयस्थ होय. विमा नसल्यास भरपाईचा बोजा मालकावरच पडतो.

आघात सौम्य व्हावा म्हणून मोटारीचा दर्शनी भाग दबणारा बनविण्यात येतो. त्यापुढे लोखंडी गार्ड बसविल्यास हा हेतू विफल होतो. म्हणूनच असे गार्ड बसविणाऱ्यांवर कारवाई करण्याचे केंद्र शासनाने २०१७ मध्ये राज्यांना कळविले.

भरपाईचे मार्ग

कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र ही रक्कम स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. म्हणून कुटुंबाने आधी कायदेशीर सल्ला घ्यावा. कलम १६६ खालील दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तो दावा अर्जदारास आपल्या राहत्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. मुंबईहून आलेल्या पदयात्रीच्या कुटुंबास त्यासाठी नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत.

वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तरी आशा सोडू नये. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार अशा प्रसंगी मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये देण्यात येतात. जेथे अपघात घडला त्या भागाच्या प्रांताधिकारी अथवा तहसीलदारांकडे अर्ज करावा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

प्रथम उपचार

मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय योजनेखाली जखमीस नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनामूल्य उपचार मिळतात. जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४-अ चे संरक्षण आहे.

अपघातस्थळी वाहनाचा क्रमांक टिपणे, ११२ वर कळविणे व पोलिसांत नोंद करविणे, या तीन गोष्टींवर पुढील बरेच काही अवलंबून असते. सरपंच, ग्रामसेवक व शिक्षकांनी ही माहिती ग्रामसभेत व शाळेत सांगितल्यास, हक्क असूनही रिकाम्या हाती राहण्याची वेळ गावातील कुटुंबांवर येणार नाही.