पंप आणि मोटर एका रेषेत आहेत ना?



गहू पेरून वीस दिवस झालेत. मुकुटमुळे फुटायची वेळ, म्हणजे पाणी चुकवून चालणार नाही. विहिरीत पाणी आहे, वीजही आली, आणि नेमका पंप बंद! मिस्त्री येतो, कपलिंगचे रबर बदलतो आणि जातो. महिन्याभरात रबर पुन्हा खलास. मग बेअरिंग जाते, ग्लँडमधून धार लागते. आपण म्हणतो, हल्ली मालच खराब येतो. पण मालाला नावे ठेवण्याआधी एकदा कपलिंगवर पट्टी लावून बघा. दोष पंप आणि मोटरच्या बैठकीत असू शकतो.

मोनोब्लॉक पंपात दांडा एकच असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पण कपलिंगने जोडलेला पंप आणि मोटर, किंवा पंप आणि डिझेल इंजिन असेल, तर दोन वेगळे दांडे एका रेषेत आणावे लागतात. नदीकाठच्या उपसा सिंचन योजनांवरील मोठ्या पंपांनाही हाच नियम लागू आहे.

बैलजोडीतला एक बैल पुढे आणि दुसरा मागे ओढू लागला की जू घासते, खांदा सुजतो. इथेही तसेच. १,४४० फेऱ्यांची मोटर तासाला ८६,४०० वेळा फिरते. दांडे वाकडे असले तर प्रत्येक फेऱ्यात रबर चेपते आणि बेअरिंगवर हिसका बसतो. काही जण म्हणतात, "रबर आहे की, घेईल सांभाळून." बंधूंनो, रबर धक्का सोसायला आहे, वाकडेपणा झाकायला नाही.

खुणा ओळखा

कपलिंगखाली रबराचा काळा भुगा पडणे, बेअरिंग हात ठेववणार नाही इतके तापणे, पायाचे बोल्ट वरचेवर सैल होणे, ग्लँडची दोरी लवकर झिजणे. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे ठीक, धार लागणे ठीक नाही. अशी एखादी खूण दिसली की तपासणीला लागा.

काम कसे करावे

१. आधी मेन स्विच बंद करा, किटकॅट काढून खिशात ठेवा. इंजिन असेल तर ते चुकूनही सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा. मगच कपलिंगला हात लावा.

२. मोटरचे चारही पाय नीट टेकले आहेत का बघा. बाकीचे तीन बोल्ट घट्ट ठेवून एकेक बोल्ट सैल करा. पाय वर उचलला गेला तर खाली फट आहे. खाटेचा एक पाय अधांतरी असला की खाट डुगडुगते, तसेच हे. फटीच्या जाडीचा पत्रा कापून तिथे घाला.

३. पाइप बघा. पंपाचे तोंड आणि पाइपचे तोंड बोल्ट न आवळता समोरासमोर आले पाहिजे. ओढूनताणून जोडलेला पाइप पंपालाच वाकडा करतो. पाइपचे ओझे पंपावर टाकू नका, त्याला वेगळा टेकू द्या.

४. पंप पाइपला बांधलेला असतो, म्हणून पंप हलवू नका. हलवायची ती मोटर.

५. आता तिरपेपणा बघा. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना फीलर गेजने मोजा. चारही ठिकाणी ती सारखी हवी. वरची फट जास्त असेल तर मोटरच्या मागच्या पायांखाली पत्रा घाला. खालची जास्त असेल तर पुढच्या पायांखाली. किती घालावा? फटीतला फरक गुणिले मोटरच्या पुढच्या-मागच्या बोल्टमधले अंतर, भागिले कपलिंगचा व्यास. समजा फरक ०.३ मि.मी., बोल्टचे अंतर २५० मि.मी. आणि कपलिंग १५० मि.मी. आहे. तर पत्रा ०.५ मि.मी.चा लागेल.

६. मग उंची बघा. कपलिंगचे दोन्ही भाग सारख्या व्यासाचे असतील तर सरळ पोलादी पट्टी दोन्हींवर आडवी ठेवा. मोटरकडच्या भागावर फट दिसली तर मोटर तेवढी खाली आहे. चारही पायांखाली तेवढ्याच जाडीचा पत्रा घाला. पंपाकडे फट दिसली तर मोटर वर आहे, पत्रा काढा. मग पट्टी दोन्ही बाजूंना लावा आणि लाकडाचा ठोकळा मधे धरून मोटर हलकेच ठोकून सरकवा.

७. बोल्ट आवळा आणि सगळे पुन्हा मोजा. आवळताना मोटर हमखास थोडी सरकते. दोन्ही दांडे मिळून अर्धा फेरा फिरवून आणखी एकदा बघा.

ब्लेडची परीक्षा

फीलर गेज नसेल तर दाढीचे दुधारी ब्लेड घ्या. ते साधारण ०.१ मि.मी. जाड असते. धारेला कागद गुंडाळा, बोटे सांभाळा. पट्टीखाली ब्लेड सहज सरकत असेल तर काम अजून बाकी आहे, असे समजा.

इंजिनवाल्यांसाठी

इंजिन तापले की त्याचे लोखंड फुगते. पायापासून दांड्याची उंची २५० मि.मी. असेल आणि इंजिन ४० अंशांनी तापले, तर दांडा सुमारे ०.१ मि.मी. वर येतो. म्हणजे गार असताना बरोबर बसवलेला दांडा चालताना ब्लेडभर वर असतो. म्हणून तासभर चालवून, बंद करून, गरम असतानाच शेवटचे माप घ्या. त्या वेळी रेषा जुळली पाहिजे.

कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये किती फट ठेवायची ते पंपाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तोंडे एकमेकांना टेकू देऊ नका. काम झाल्यावर कपलिंगवर जाळी बसवा. धोतराचा सोगा, पदर, उपरणे त्यात अडकले तर माणूसच ओढला जातो.

हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. पावसाळा संपला की, रब्बीचे पहिले पाणी देण्याआधी, दरवर्षी एकदा करा. पंप किंवा मोटर दुरुस्तीला खोलली, पाइप बदलला, तरीही करा. मिस्त्रीकडून करून घ्यायचे असेल तर शेजारी उभे राहा आणि पट्टी लावून दाखवायला सांगा. लाजू नका. पंप तुमचा आहे, पीकही तुमचेच आहे.

हे पत्रक पंपघराच्या भिंतीला लावून ठेवा.