उघड्या खिडकीजवळ पत्र वाचणारी मुलगी (चित्र)

'उघड्या खिडकीजवळ पत्र वाचणारी मुलगी' हे डच चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) यांनी इ.स. १६५७ ते १६५९ च्या सुमारास रंगवलेले तैलचित्र आहे. ते जर्मनीतील ड्रेस्डेन येथील 'गेमेल्डेगालेरी आल्टे माइस्टर' या संग्रहालयात आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी घरगुती जीवनातील साधे प्रसंग मोठ्या प्रमाणावर रंगवले. अशा चित्रांत प्रतीके आणि भाववातावरण यांचे नाते कसे असते, हे या चित्राच्या इतिहासातून स्पष्ट होते.

वर्णन

खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात एक तरुणी मान खाली घालून पत्र वाचत उभी आहे. खिडकीच्या काचेत तिच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब दिसते. पुढील बाजूस गालिचा अंथरलेले मेज व त्यावर फळांचे कललेले भांडे आहे. उजवीकडे हिरवा पडदा आहे.

झाकलेले प्रतीक

इ.स. १७४२ मध्ये हे चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहात आले, तेव्हा ते रेम्ब्रांटचे मानले जात होते. तरुणीमागील भिंत त्या काळी रिकामी दिसत असे आणि या रितेपणामुळेच चित्राला शांत, एकाकी भाव लाभतो, असे मानले जाई. १९७९ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्या भिंतीवर क्यूपिड या रोमन प्रेमदेवतेचे चित्र आढळले. व्हर्मीर यांनी ते स्वतःच झाकले असावे, असा समज अनेक वर्षे होता. २०१७ नंतरच्या तपासणीत मात्र मूळ रंग आणि वरचा लेप यांच्यामध्ये मळाचा थर सापडला. त्यावरून हा लेप कित्येक दशकांनंतर दुसऱ्याच कोणीतरी दिल्याचे सिद्ध झाले. तो काढून टाकल्यावर २०२१ मध्ये चित्र पुन्हा प्रदर्शित करण्यात आले.

अर्थ

डच चित्रांत पत्र हे बहुधा प्रेमाचे सूचक असते. येथील क्यूपिड मुखवटे पायदळी तुडवतो. खरे प्रेम कपटावर मात करते, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. त्यामुळे तरुणीच्या हातातील पत्र प्रेमपत्र असल्याचे अधिक ठळकपणे सूचित होते. तरीही पत्रातील मजकूर प्रेक्षकाला कळत नाही आणि तिच्या चेहऱ्यावरून आनंद किंवा दुःख निश्चित करता येत नाही. प्रतीक विषय सुचवते. तिच्या मनःस्थितीचा उलगडा मात्र प्रेक्षकावरच सोपवलेला राहतो.