मागच्या बाकावरचा पोलीस

बाल्टिमोरचा एक पोलीस दक्षिण कॅरोलायनातल्या एका हायस्कुलात विद्यार्थी म्हणून दाखल होतो. त्याच्या पोलीस मित्राचा खून झालाय आणि मारेकरी शोधायचाय. १९८७च्या ‘अंडर कव्हर’ या चित्रपटाची ही गोष्ट. आज तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. दिग्दर्शक जॉन स्टॉकवेल. आदल्याच वर्षी ‘टॉप गन’मध्ये धीर सुटलेल्या वैमानिकाच्या भूमिकेत दिसला होता, तोच हा.

पटकथाकाराने भलतीच थाप मारली, असं वाटतं ना? पण हे खरोखर घडत होतं! लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९७४मध्येच तरुण दिसणारे अधिकारी शाळाशाळांत पेरायला सुरुवात केली होती. ते वर्गात बसायचे, गृहपाठ करायचे, मधल्या सुट्टीत अमली पदार्थ विकत घ्यायचे आणि काही महिन्यांनी एकदम अटकसत्र व्हायचं. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो. तिथे पोलीसच बहुरूपी झाला होता.

पण कुणी ओळखायचं कसं नाही? कारण चेहऱ्यावरून वय ठरवताना आपण नुसता चेहरा पाहतच नाही. दप्तर, कपडे, आजूबाजूची मुलं, सगळं मिळून आपण अंदाज बांधतो. वर्गात, बाकावर, वही उघडून बसलेला माणूस विद्यार्थीच असणार, हे मनाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. सिनेमावाले तर याच गोष्टीवर जगतात. कॅलिफोर्नियात अल्पवयीन नटांच्या कामाचे तास मर्यादित असतात, सेटवर त्यांच्यासाठी शिक्षक ठेवावा लागतो; मग विशीतले नटच शाळकरी मुलं होतात. ‘ग्रीस’मध्ये शाळकरी मुलगी झालेली स्टॉकार्ड चॅनिंग तेव्हा तिशी ओलांडून गेली होती! म्हणजे ‘अंडर कव्हर’सारख्या चित्रपटात एक प्रौढ नट प्रौढ पोलिसाचं काम करतो, तो पोलीस मुलाचं सोंग आणतो, आणि त्याच्या भोवतीची ‘खरी’ मुलंही बहुतेक वेळा प्रौढच असतात.

याहून थक्क करणारी गोष्ट कायद्यात आहे. वेषांतर केलेला पोलीस माल विकत घेऊ शकतो, पण ज्याच्या मनात गुन्हा नव्हता त्याला गुन्ह्यात ओढू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२मध्ये हा बचाव मान्य केला, तो दारूबंदीच्या काळातल्या एका खटल्यात. पर्यटक म्हणून आलेला सरकारी माणूस एका गृहस्थाकडे दारू मागत राहिला. गृहस्थ नाही म्हणाला. मग पहिल्या महायुद्धाच्या आठवणी निघाल्या, दोघे एकाच डिव्हिजनमधले निघाले, पुन्हा मागणी झाली, आणि अखेर गृहस्थ उठून अर्धा गॅलन व्हिस्की घेऊन आला. आता सांगा, हा गुन्हा कुणी घडवला? आणि समोर जुन्या सैनिकाऐवजी मैत्रीला आसुसलेला सोळा वर्षांचा पोरगा असेल तर? लॉस एंजेलिसमध्ये सापडणाऱ्यांत विशेष शिक्षण घेणारी मुलं फार आहेत, असा आक्षेप आला, आणि २००५मध्ये तिथली ही मोहीम थांबली. माझ्या मते ती फार आधी थांबायला हवी होती.

धोका दुसऱ्या बाजूलाही होता. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये टेक्ससमधल्या मिडलोथियन गावात विद्यार्थी बनून राहिलेल्या एकवीस वर्षांच्या पोलिसाचा खरोखर खून झाला. पडद्यावरची गोष्ट त्याच वर्षी प्रत्यक्षात उतरली. जॉनी डेपला घराघरात पोचवणारी ‘२१ जंप स्ट्रीट’ ही याच कल्पनेवरची मालिकाही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालेली!

आणि एक धागा तर अफलातून आहे. कॅमेरॉन क्रो हा बावीस वर्षांचा पत्रकार सॅन दिएगोच्या एका हायस्कुलात मुख्याध्यापकांच्या संमतीने विद्यार्थी बनून राहिला. त्यावर त्याने १९८१मध्ये पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याचा चित्रपट झाला: ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’. त्यात पंधरा वर्षांची मुलगी साकारली जेनिफर जेसन ली हिने. तीच जेनिफर पाच वर्षांनी ‘अंडर कव्हर’मध्ये पोलीस म्हणून दिसते. जमलं तर हे दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा, आणि आधी ‘फास्ट टाइम्स’ लावा.