संगणकाच्या पेटीतील वारा

एप्रिल-मे महिन्यांत कळमनुरी परिसरात दुपारचे तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या वर जाते. शाळा सकाळच्या भरतात. पण निकालपत्रके आणि ऑनलाईन माहिती भरण्याचे काम दुपारपर्यंत चालते. नेमक्या याच दिवसांत, सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी मंदावतो, 'हँग' होतो किंवा आपोआप बंद पडतो. व्हायरस शिरला असावा, असे निदान होते. अखेरीस एखादा धडधाकट संगणक 'निकामी' ठरून कपाटामागे जातो. असा निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या पेटीतून हवा नीट वाहते का, एवढे पाहावे, असे आम्ही सुचवतो.

प्रथम उष्णता कोठून येते ते पाहू. संगणकाच्या पेटीला (आपण जिला सवयीने 'सीपीयू' म्हणतो) मिळणारी जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक या १९६० साली कार्यान्वित झालेल्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्यांतील तंतू तापवावेच लागत. पुढे ट्रान्झिस्टर आले, तंतू गेले, पण उष्णता गेली नाही. आज नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि टेबलावरच्या साध्या संगणकाचा प्रोसेसरही सुमारे ६५ वॅट उष्णता देऊ शकतो.

ही उष्णता धातूच्या पात्यांच्या हीटसिंकमध्ये जाते आणि पंखा ती हवेत सोडतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त हवा बदलतो. पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा कधीच थंड होणार नाही. ती किती अधिक तापेल, हे दर सेकंदाला किती हवा बदलते यावर ठरते.

हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ ग्रॅम, आणि एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे १ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे दहा अंशांनी तापलेली एक लिटर हवा सुमारे ११ ज्यूल उष्णता घेऊन जाते. पेटी १५० वॅट, म्हणजे सेकंदाला १५० ज्यूल, उष्णता देत असेल तर सेकंदाला सुमारे १४ लिटर हवा वाहिली पाहिजे. जाळीवर धूळ बसून प्रवाह निम्मा झाला, तर हवा वीस अंशांनी तापेल. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना बाहेर पडणारी हवा ४५ अंशांची असेल. ते चालून जाते. मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल, तर तीच हवा ६२ अंशांवर जाते. प्रोसेसर तर तिच्याहूनही पुष्कळ गरम असतो.

मग संगणक अडखळतो का? तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधून नको असलेला विद्युतप्रवाह अधिक झिरपतो, त्यामुळे उष्णता आणखी वाढते. बहुतेक आधुनिक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचल्यावर स्वतःचा वेग कमी करतात. तेही पुरेसे झाले नाही तर संगणक बंद होतो. पॉवर सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते. म्हणजे आजचा अडथळा उद्याचा कायमचा बिघाड ठरू शकतो.

पंखे वाढवले की झाले, असेही नाही. हवेला आत येण्याची वाट, गरम भागांवरून जाणारा मार्ग आणि बाहेर पडण्याची वाट, तिन्ही हव्यात. सामान्यतः पुढून हवा आत घ्यावी व मागून बाहेर टाकावी. पेटी भिंतीला चिकटवली, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबली किंवा धुळीसाठी कापडाने झाकून चालवली, तर तीच गरम हवा पुन्हा आत फिरते. बाजूचा पत्रा काढून ठेवण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याने कधी तात्पुरता गुण येतो. पण हवेचा आखलेला मार्ग मोडतो, काही भागांवरून वारा जातच नाही आणि धूळ मात्र मोकळेपणाने आत येते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. चालू संगणकाच्या पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर उदबत्ती क्षणभर धरा. धूर आत ओढला जातो का, ते मुलांना पाहू द्या. नंतर प्रयोगशाळेतील तापमापीने खोलीतील हवेचे आणि मागून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान घ्या. दोहोंतील फरक नोंदवा. मग संगणक बंद करून, वायर काढून, जाळी व हीटसिंक मऊ ब्रशने स्वच्छ करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीच उघडू नये. वीज बंद असतानाही तिच्यात घातक विद्युतभार साठलेला असू शकतो. पुन्हा तेच काम तेवढाच वेळ चालवून फरक मोजा. तो कमी झाला, तर हवा अधिक वाहू लागली असे समजावे.

विशिष्ट उष्माधारकतेचे सूत्र मुले पाठ करतात. ते सूत्र वापरून शाळेचा एक संगणक उन्हाळ्यात चालू ठेवता आला, तर तो धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील.